काळा कोट आणि पेढीची गादी

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी सांगलीतील एका परिचित घरी मी अभिनंदनासाठी गेलो होतो. घराण्याची हळदीची अडत आहे, तीन पिढ्यांपासून चालत आलेली. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून सारे कुटुंब सोप्यात बसले होते. नातीने वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळविले होते आणि आपण कायदा शिकणार असे तिने त्याच दिवशी जाहीर केले होते. कोणाचाही विरोध नव्हता. आजोबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, “शीक बाळा, अवश्य शीक. पण वकील झाल्यावर पेढीवर बसता येईल ना?” घरातले सगळे एका सुरात म्हणाले, “न बसायला काय झालं? उलट वकील घरचाच झाला!”

आजोबांचा प्रश्न साधा वाटला, तरी त्या दिवशीच्या साऱ्या बोलण्यात तोच सर्वांत नेमका होता, आणि घरच्यांनी दिलेले उत्तर चुकीचे होते. सनद घेऊन वकिली करणाऱ्या व्यक्तीला स्वतः दुकान किंवा पेढी चालविण्याची मुभा नाही. व्यापारी घरातील मुलामुलींनी कायद्याकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट जाणून घेतली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती कळते शिक्षण संपल्यावर, आणि मग घरात गैरसमज होतात. म्हणून कायद्याच्या पदवीचा विचार आरंभापासून क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न.

पदवी वेगळी, सनद वेगळी

आपल्या बोलण्यात ‘कायदा शिकणे’ आणि ‘वकील होणे’ या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. प्रत्यक्षात त्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी विद्यापीठाची कायद्याची पदवी. दुसरी पायरी नोंदणीची. वकील अधिनियम, १९६१ नुसार राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल पाहते. या नोंदणीलाच आपण सनद म्हणतो. तिसरी पायरी अखिल भारतीय वकील परीक्षेची. नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण झाल्याखेरीज कायमस्वरूपी वकिली करता येत नाही. या परीक्षेत शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात आणि टीपा नसलेली मूळ कायद्यांची पुस्तके जवळ बाळगता येतात. पाठांतरापेक्षा कोणते कलम कोठे सापडते याची जाण येथे कामी येते.

नोंदणीच्या खर्चाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कित्येक राज्यांत नोंदणीसाठी हजारो रुपये आकारले जात असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यात ठरविलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही.

पहिली पायरी चढल्यावर दुसरी चढलीच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. पदवी घेऊन सनद न घेणारी व्यक्ती आपली पेढी पूर्ण अधिकाराने चालवू शकते. हा भेद ध्यानात ठेवला, की पुढचे निर्णय सोपे होतात.

व्यापारी घराला कायदा कशासाठी?

कायद्याच्या अभ्यासक्रमातील विषय पाहिले, तर त्यांतील निम्मेअधिक आपल्या गादीभोवतीचेच आहेत असे दिसेल. भारतीय करार अधिनियम १८७२ चा, परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा, मालविक्री अधिनियम १९३० चा आणि भागीदारी अधिनियम १९३२ चा. आपल्या आजोबा-पणजोबांनी यांच्याच चौकटीत व्यवहार केले. मात्र तोंडी शब्दावर आणि पतीवर त्यांचे भागले.

आज तेवढ्यावर भागत नाही. भागीदारी पेढीची नोंदणी केली नसेल, तर कराराच्या आधारे त्रयस्थाकडून येणे वसूल करण्यासाठी त्या पेढीला दावा लावता येत नाही. ही अडचण दावा लावण्याची वेळ आल्यावरच पुष्कळांच्या लक्षात येते. न वटलेल्या धनादेशाचेही तसेच. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम आली नाही, तर पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. ‘माणूस ओळखीचा आहे, देईल’ म्हणून थांबलेल्या व्यापाऱ्याची मुदत निघून गेली, की मग विलंब माफ करून घेण्यासाठी न्यायालयापुढे कारणे मांडत बसावे लागते.

वारशाचा विषय तर प्रत्येक घरातला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ आपणा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. एकत्र कुटुंबाच्या नावाने चालणाऱ्या किती पेढ्यांनी आपल्या कागदपत्रांत याचा विचार केला आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. कायदा जाणणारे एक माणूस घरात असले, तर असे प्रश्न भांडण होण्यापूर्वी मिटतात.

दोन वाटा

कायद्याच्या पदवीकडे जाणाऱ्या वाटा दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेऊन नंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. सनदेच्या दृष्टीने दोहोंचे मोल सारखेच.

पाच वर्षांच्या वाटेने एक वर्ष वाचते, कारण दुसरी वाट तीन अधिक तीन अशी सहा वर्षांची होते. ज्याचा निश्चय अठराव्या वर्षीच पक्का आहे, ज्याला वाचनाची आणि लेखनाची गोडी आहे, त्याने ही वाट धरावी. मात्र बार कौन्सिलच्या नियमांनुसार या अभ्यासक्रमातून मध्येच एक पदवी पदरात पाडून बाहेर पडण्याची सोय नाही. तिसऱ्या वर्षी मन बदलले, तर हाती थोडेच उरते.

तीन वर्षांची वाट आपल्या घरांना अधिक सोयीची ठरते असा माझा अनुभव आहे. मुलगा किंवा मुलगी वाणिज्य शाखेची पदवी घेते, त्या काळात पेढीवर बसून व्यवहार पाहते, उधारी म्हणजे काय आणि हिशेब कोठे अडतो हे अनुभवते. मग करारकायदा शिकताना पुस्तकातील प्रत्येक वाक्याला डोळ्यांपुढे उदाहरण उभे राहते. एक सावधगिरी मात्र हवी. दोन नियमित अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. ‘इकडे एम.कॉम., तिकडे एलएल.बी.’ असा हिशेब मांडू नये.

प्रवेशाची पात्रता

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीत आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी परीक्षेत खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला किमान ४५ टक्के गुण लागतात. इतर मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जैन समाजाला २०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. पण त्यामुळे या किमान गुणांत सवलत मिळत नाही. त्याचा उपयोग होतो तो अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत, जेथे त्या त्या समाजासाठी काही जागा ठेवलेल्या असतात. अशा जागेचा लाभ घ्यायचा असेल, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद ‘जैन’ अशी स्पष्ट आहे का, हे अर्ज भरण्याच्या बऱ्याच आधी पाहावे.

महाराष्ट्रातील बहुतेक विधी महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते. पाच आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षा स्वतंत्र असतात. कायद्याची अभियोग्यता, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी हा त्यांचा गाभा. परीक्षा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांतून होते. अलीकडच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले गेलेले नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार वेगळे. १९८७ मध्ये बंगळूरला अशा पहिल्या संस्थेची स्थापना झाली. आज महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ती आहेत. त्यांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ‘क्लॅट’ ही परीक्षा असते. दोन तासांत १२० प्रश्न; प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा. म्हणजे चार चुका झाल्या, की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात, म्हणून भराभर आणि समजून वाचण्याची सवय नसेल, तर शिकवणी वर्गांवर केलेला खर्च वाया जातो. अलीकडे ही परीक्षा बारावीच्या परीक्षेपूर्वी, डिसेंबरात होत आली आहे. निकालानंतर विचार करू म्हणणाऱ्या घरांची संधी तेथेच हुकते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा ‘आयलेट’ या नावाने स्वतंत्र होते. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी; ऐकीव माहितीवर विसंबू नये.

महाविद्यालय निवडताना

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून चालू आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राचार्य होते. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाची स्थापना १९२४ ची, आणि शहरातील लॉ कॉलेज रस्त्याचे नाव त्याच्यामुळेच पडलेले. अशा नामांकित ठिकाणी प्रवेश मिळाला तर उत्तमच. पण सर्वांनाच तो मिळणार नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शिकून उत्तम वकील झालेली माणसे कमी नाहीत. निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता त्या वर्षासाठी चालू आहे का. दुसरी, वर्ग खरोखर भरतात का. नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात सत्तर टक्के उपस्थिती अपेक्षित आहे. पत्राद्वारे घेतलेली कायद्याची पदवी सनदेला चालत नाही, आणि पूर्णवेळ वर्ग सकाळी आठ ते सायंकाळी सात या वेळेत भरवावेत असा नियम आहे. ‘दिवसभर दुकान आणि नुसते परीक्षेपुरते महाविद्यालय’ ही आपल्याकडची जुनी युक्ती आता धरून चालू नये. तिसरी गोष्ट ग्रंथालयाची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन नवे कायदे लागू झाले आहेत. कपाटात अजून जुन्या दंड संहितेचीच पुस्तके असतील, तर त्या संस्थेविषयी काय समजायचे ते समजावे. चौथी गोष्ट प्रत्यक्ष अनुभवाची. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे वकील, न्यायालय किंवा संस्थेकडे काम शिकावे लागते. ते नुसते प्रमाणपत्रापुरते होते की खरोखर होते, हे तेथील जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे.

भाषेचाही विचार हवा. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. दोन्ही भाषांत नेमके लिहिता येणाऱ्याला कोठेही अडत नाही. या संदर्भात वीरचंद राघवजी गांधी यांची आठवण होते. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत जैन समाजाचे प्रतिनिधित्व करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. सम्मेद शिखराच्या प्रकरणातील मूळ कागदपत्रे स्वतः वाचता यावीत, म्हणून कोलकात्यात राहून ते बंगाली शिकले होते. कागद स्वतः वाचण्याची ही निष्ठा कायद्याच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून घ्यावी.

सनद आणि गादी

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. व्यापारात जे शहाणपण मानले जाते, त्यातील बरेच वकिलीत निषिद्ध आहे. व्यापारी जाहिरात करतो; वकिलाला जाहिरात करून पक्षकार मिळविता येत नाहीत, त्याच्या नावाची पाटीसुद्धा माफक आकाराचीच हवी. व्यापारी नफ्यात वाटा ठरवितो. वकिलाला खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरविता येत नाही, की मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागता येत नाही. आणि तिसरी गोष्ट, वकिलाला स्वतः कोणताही व्यापार करता येत नाही.

मात्र कुटुंबाच्या पेढीशी नाते तुटावे असे नियमांना अभिप्रेत नाही. वारशाने आलेल्या व्यवसायातील आपला हिस्सा वकिलाला ठेवता येतो. फक्त त्याच्या व्यवस्थापनात त्याने स्वतः भाग घ्यायचा नाही. व्यवसाय वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक नाही असे बार कौन्सिलचे मत असेल, तर कारभार न पाहणारा निष्क्रिय भागीदार होता येते. कंपनीचा संचालक होता येते, पण कार्यकारी कामे नसतील तरच. व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनी सचिव होता येत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरीही सनद चालू असताना करता येत नाही. उद्या परिस्थिती बदलली आणि गादीवर बसणे भाग पडले, तर बार कौन्सिलला कळवून वकिली स्थगित ठेवता येते आणि पुढे रीतसर अर्ज करून ती पुन्हा सुरू करता येते.

सनद खिशात ठेवून गुपचूप दुकान चालविणे हा मार्ग कोणी सुचवील, तर तो झिडकारावा. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार झाली, तर सनद जाऊ शकते. शिवाय ज्या धंद्याचा पायाच विश्वास आहे, त्याचा आरंभ लपवाछपवीने करणे आपल्या संस्कारांत बसणारे नाही.

न्यायाधीश होण्याचे स्वप्न बाळगणाऱ्यांनीही एक बदल ध्यानात घ्यावा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पहिल्या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आवश्यक ठरविली. पदवीनंतर थेट परीक्षा, हा विचार सोडून ती तीन वर्षे हिशेबात धरली पाहिजेत.

लेकी आणि सुना

कायद्याचे शिक्षण केवळ अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे असे नाही. राज्याच्या सीईटीला आणि क्लॅटला वयाची कमाल मर्यादा नाही. बारावीनंतर बहिःस्थ राहून पदवी घेतलेल्या स्त्रीलाही तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळू शकतो. मुले शाळेत जाऊ लागल्यावर घरातील बी.कॉम. झालेली सून कायदा शिकू लागली, तर पेढीचे करारमदार, करविषयक नोटिसा आणि वसुलीचा पत्रव्यवहार पाहणारे घरचे विश्वासू माणूस तयार होते. पण वर्गाची वेळ ही खरोखर तिची वेळ आहे, हे घराने मानले पाहिजे. सणावाराला, पाहुण्यांच्या सरबराईला तिचीच उपस्थिती सर्वांत आधी कापली जाते.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली. विद्यापीठाने पदवी दिली ती तीस वर्षांनी, आणि हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करण्याचा हक्क मिळाला तो १९२३ च्या कायद्याने. तेव्हा अडसर कायद्याचा होता. आज तो कोठे असेल, तर उंबरठ्याच्या आतच.

पहिली वर्षे

व्यापारात पहिल्या दिवाळीला जमाखर्च कळतो. वकिलीत तसे नाही. ज्येष्ठांच्या हाताखाली काम शिकण्याची पहिली काही वर्षे उत्पन्न तुटपुंजे असते. कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. पण ती शिफारसच आहे. घरची पेढी असलेल्या मुलाला या काळात उपासमारीची भीती नसते, हा त्याचा मोठा आधार. धोका असतो तो तुलनेचा. चुलतभाऊ गादीवर बसून कमावतो आणि हा अजून तारखाच घेतो आहे, असे बोल ऐकून कित्येक जण ऐन उमेदीत परत फिरतात. भांडवल गुंतविले, की परतावा येण्यास वेळ लागतो हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच धीर येथे दाखवावा.

त्या संध्याकाळी सांगलीच्या घरी मी हे सारे सांगितले, तेव्हा क्षणभर शांतता पसरली. नातीचा चेहरा उतरला. आजोबांनी मात्र कोरी वही मागविली आणि मधोमध रेघ ओढली. एका बाजूला तिला लिहायला सांगितले ‘पदवी’, दुसऱ्या बाजूला ‘सनद’. मग म्हणाले, “या बाजूचं आज ठरलं. त्या बाजूचं पाच वर्षांनी तू ठरवायचंस, आम्ही नाही. तोवर पेढीचा भार दुसऱ्या कोणावर टाकता येतो का, ते आम्ही बघतो.”

तिने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. सुट्टीत ती पेढीवर येते आणि जुन्या भागीदारीपत्राच्या प्रती काढून वाचत बसते. पेढीची नोंदणी झालेली नाही, हे तिनेच पहिल्या वर्षी शोधून काढले. आता ती रीतसर झाली आहे. दुसऱ्या बाजूचा रकाना अजून कोरा आहे.